बर्गरच्या दुकानातली खुर्ची

बर्गर मला फार आवडतो असं नाही. त्याचा पाव गोडसर असतो, आतल्या टिक्कीला लसणीच्या चटणीचा ठसका नसतो, आणि दहा मिनिटं ठेवला की सगळंच लिबलिबीत होतं. तरीही बर्गरच्या साखळी दुकानांबद्दल कुणी नाक मुरडून बोललं की मला राहवत नाही. ‘आपला वडापाव सोडून हे काय खायचं’ असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. गाडीशेजारी उभं राहून, निवांत, चारचौघांत हसतखिदळत वडापाव खायला त्यांना कधी कुणी हटकलेलं नसतं. मी बोलते ते चवीबद्दल नाही, बसायला मिळालेल्या जागेबद्दल.

मी अंबरनाथ पश्चिमेची. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, आम्ही इस्टेटमधल्या क्वार्टर्सवर राहायचो. 1996 च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीत वसंत विहारला उघडलं आणि लगोलग मुंबईत वांद्र्याला. तेव्हा मी शाळेत होते. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, मोठ्या बर्गरमध्ये मटण आणि त्याचं नाव ‘महाराजा’, हे सगळं आमच्याकडे पेपरातून कळलं. वांद्रे म्हणजे दादरला गाडी बदलून जायचं, तेही कुणाच्या लग्नाबिग्नाला. बर्गरसाठी कोण जाणार?

पहिला बर्गर खाल्ला तो उल्हासनगरात, हातगाडीवर. सीएचएम कॉलेजात शिकत असताना स्टेशनच्या वाटेवर ती गाडी लागायची. पाव मधोमध कापून तव्यावर अमूल बटरमध्ये शेकायचे, त्यावर हिरवी चटणी, बीट घातलेली लालसर टिक्की, कांदा-टोमॅटोच्या चकत्या आणि वर मूठभर कोबी. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत येऊन राहिलेल्या सिंधी माणसांनी हे शहर उभं केलं. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं ते 1949 मध्ये. तिथे सकाळी दाल-पकवान आणि संध्याकाळी बर्गर एकाच गल्लीत मिळतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझी पाच नंबर कॅम्पातली मैत्रीण त्या बर्गरला ‘टिक्की-डबलरोटी’च म्हणायची. चवीच्या बाबतीत आजही माझा कौल त्या गाडीलाच. पण खायचो कसं? दप्तर पोटाशी धरून, ओढणी सावरत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवत, भराभर. थांबलो की कुणीतरी थांबायचंच.

2001 च्या मे महिन्यात ठाण्याच्या मॅकडोनाल्ड्सची मोडतोड झाली. अमेरिकेतल्या फ्रेंच फ्राइजमध्ये गोमांसाचा अंश असल्याचं उघड झालं होतं. त्याविरुद्ध तिथल्या एका भारतीय वकिलाने दावा लावला आणि त्याचे पडसाद थेट ठाण्यात उमटले. इथल्या फ्राइजची तपासणी झाली, त्यांत तसं काही सापडलं नाही. अमेरिकेत मात्र पुढच्या वर्षी कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आमची आई माळकरी. तिने पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाली, ‘विचारल्याशिवाय कुठे काही खाऊ नये.’

पुढे तीन वर्षांनी मला फोर्टात नोकरी लागली. सकाळची अंबरनाथ लोकल, लेडीज डबा, व्हीटीला उतरायचं, संध्याकाळी उलट. त्याच वर्षी, 2004 मध्ये, मॅकडोनाल्ड्सने वीस रुपयांत आलू टिक्की बर्गर द्यायला सुरुवात केली. त्यांचं दुकान व्हीटीच्या समोरच होतं. वीस रुपये तेव्हा माझ्यासाठी थोडे नव्हते. आमच्या स्टेशनबाहेर तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचे वडापाव आले असते. पण त्या वीस रुपयांत काय काय मिळायचं ते सांगते. काचेचं दार, थंड हवा, पुसलेलं टेबल. एकटीने बसले तर ‘अजून कोणी येणार आहे का’ असं विचारायला कुणी यायचं नाही. गल्ल्यावर पाटी सगळ्यांना सारखी. भाव विचारताना संकोच नाही, आणि बिल येईपर्यंत छातीत धडधड नाही, कारण पैसे आधीच दिलेले. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आत स्वच्छ बाथरूम. दीड तासाच्या गाडीआधी ते असणं म्हणजे काय हे अंबरनाथ, बदलापूर, कर्जतच्या बायकांना विचारा. ऑफिसात दुपारनंतर पाणी प्यायचं नाही, ही आमच्या डब्यातल्या कितीतरी जणींची रीत होती. 2011 च्या सुमारास मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली तेव्हा कुठे हे उघडपणे बोललं जाऊ लागलं. त्याच वर्षी ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आलं. बाईला रस्त्यावर थांबायला नेहमी काहीतरी कारण दाखवावं लागतं, या गोष्टीचा त्यात मुंबईच्या संदर्भात विचार आहे. वाचताना मला ती वीस रुपयांची पावती आठवली. ते माझं कारण होतं.

उडपी हॉटेलं होती, मान्य. त्यांचा डोसा बर्गरपेक्षा शंभर पटींनी चांगला. पण गर्दीच्या वेळी तिथे खाणं संपलं की पुसायचं फडकं टेबलावर यायचं, आणि एकटी बाई असली की समोरच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवलं जायचं. इराणी हॉटेलांत निवांतपणा होता, पण मी नोकरीला लागले तोवर ती एकेक करून बंद पडत होती. आमच्या अंबरनाथला तर मुलींनी दोन तास गप्पा मारत बसावं असं ठिकाणच नव्हतं. शिवमंदिर होतं, पण ते पूर्वेला, आणि तिथे बसलं तरी ओळखीचं कुणीतरी घरी सांगायचं.

आईला मी एकदाच मॅकडोनाल्ड्समध्ये नेलं, पहिल्या दिवाळी बोनसनंतर. तिने गल्ल्यावरच्या मुलीला सरळ विचारलं, ‘बाळ, तेल वेगळं असतं का?’ ती मुलगी आमच्याच बाजूची असावी, बोलण्यावरून वाटलं. तिने मॅनेजरला बोलावलं. त्याने आईला बाजूला नेऊन आतला भाग दाखवला: शाकाहारी बाजूचे हिरवे एप्रन, वेगळी भांडी, अंड्याशिवायचं मेयॉनीज. आई सगळं पाहून आली, बसली, अर्धा बर्गर खाल्ला आणि म्हणाली, ‘विचारलं तर राग आला नाही त्यांना.’ तिच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. एवढं खरं की ही व्यवस्था कंपनीला सुचली नाही, इथल्या गिऱ्हाइकाने ती करायला लावली. पश्चिम भारतातला कारभार ज्या अमित जटियांकडे होता, ते स्वतः शाकाहारी घरातले. आईसारखे प्रश्न त्यांच्या घरातही विचारले गेले असणार.

याच सुमारास कल्याणात ‘गोली वडापाव’चं पहिलं दुकान निघालं. त्याआधी 2001 मध्ये मालाडला ‘जम्बोकिंग’ सुरू झालं होतं. वडापाव बर्गरच्या पद्धतीने विकायचा, कारखान्यात बनलेला वडा, हात न लागता, सगळीकडे एकच चव. मी हौसेने खाऊन पाहिला. मला तो पटला नाही आणि अजूनही पटत नाही. कल्याणच्या खिडकी वड्यासमोर रांगेत उभं राहून, तेलातून नुकताच निघालेला वडा हातात घेतल्यावर जे मिळतं, ते गोठवलेल्या वड्यात येत नाही. बर्गरची टिक्की गोठवलेली चालते, कारण तिच्याकडून माझी अपेक्षाच वेगळी असते. वडापावकडून मला चव हवी असते, बर्गरवाल्याकडून जागा. वडापावच्या साखळी दुकानांत बहुधा खुर्च्याच नसायच्या.

मॅकडोनाल्ड्सची ही टिक्की बनते कुठे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तळोज्याच्या विस्टा या कारखान्यात, म्हणजे आमच्या मलंगगडाच्या डोंगरापलीकडे, खोणीवरून गेलं की तासाभराच्या आत. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून, हिरवा सॅलडचा पाला तळेगावच्या त्रिकाया शेतीतून. फ्राइजचे बटाटे आधी बाहेरून यायचे, मग गुजरातेत मेहसाण्याला मॅकेनचा कारखाना झाला. मी ज्याला इतकी वर्षं परदेशी समजत होते त्याची शेतं आणि यंत्रं आपल्याच रस्त्यांवर होती. कारखान्यांच्या गावात वाढल्यामुळे असेल, पण हे कळल्यावर त्या टिक्कीबद्दल मला थोडी आपुलकी वाटू लागली. आमच्याकडेही विमकोत आगपेट्या बनायच्या आणि देशभर जायच्या. तिथेही एकसारखी काडी, एकसारखी पेटी हेच कसब होतं.

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी बारावीनंतर अशाच एका बर्गरच्या दुकानात लागली. ठाण्याला. घरात आधी विरोध झाला, ‘लोकांची उष्टी उचलणार का’ म्हणून. तिने कॉलेज चालू ठेवून नोकरी केली. तिथे मुलगा असो की मुलगी, लादी सगळ्यांनी पुसायची, गल्ल्यावर सगळ्यांनी उभं राहायचं, हे तिला आवडलं. पायांना गोळे यायचे, सणाला सुट्टी नसायची, पगार तुटपुंजा. रात्रपाळीच्या दिवशी शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून यायची आणि काका सायकल घेऊन स्टेशनला उभे असायचे. या नोकऱ्यांचं उगाच कौतुक करू नये असं मला वाटतं. पण त्या पैशांतून तिने बीकॉमची फी भरली, हेही सांगितलं पाहिजे.

ती आता शिफ्ट मॅनेजर आहे. मध्यंतरी घरी आली होती तेव्हा सांगत होती की हल्ली ऑर्डरी यंत्रावरच घेतात, आणि संध्याकाळी निम्म्याहून जास्त माल बाहेर जातो, डब्यात बांधून. माझी मुलगीही बर्गर तसाच मागवते. अंबरनाथला घरबसल्या येतो, गार झालेला. मला ते अजिबात आवडत नाही. माझ्या मते बर्गरमध्ये जे घेण्यासारखं होतं तेच त्यातून काढून टाकलंय. चव तर आधीही बेताचीच होती.

मी काकूंच्या मुलीला विचारलं, मग खुर्च्या रिकाम्या असतात का? म्हणाली, दुपारी क्लासच्या मुली बसतात, एका कोकवर तीन जणी, आणि मी त्यांना उठवत नाही. रात्री मात्र रिकाम्याच. आणि पार्सल न्यायला आलेली ती मुलं, उल्हासनगर-कळव्यातून बाइकवर येणारी, त्यांना बाहेर फुटपाथवर उभं राहायला सांगितलेलं असतं. पावसाळ्यात ती भिजत उभी राहतात. तिच्या पाळीला ती त्यांना आत बोलावते आणि दाराजवळच्या टेबलावर बसवते. वरून कुणी विचारलं तर काय सांगशील, असं मी म्हटलं. ‘सांगेन, बसायला जागा होती,’ ती म्हणाली.