आईसाठी तरी मृत्युपत्र कर

ती. ताईस,


परवा फोनवर मी मृत्युपत्राचं नाव काढलं आणि तू 'आई जेवायची खोळंबलीय' म्हणून फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. निवांत असशील तेव्हा वाच.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे: 'माझ्यामागे आहे कोण? जे आहे ते आईचं, तिच्यानंतर तुम्हा भावंडांचं.' ताई, कायदा असं म्हणत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत कोणाला जाते, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहून ठेवलं आहे. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तेही नसले तर मग तिचे आईवडील. भावोजी गेले, मूलबाळ नाही, सासू-सासरेही राहिले नाहीत. म्हणजे तुझ्यामागे पहिला हक्क तुझ्या दिराचा आणि नणंदेचा. भावोजी गेल्यावर तू शाळेच्या पगारावर कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, मुदत ठेवी, सगळं तिकडे. आई आज ज्या खोलीत झोपते ती खोलीसुद्धा. बाबांकडून वारशाने आलेली जमीन तेवढी माहेरच्या वारसांकडे येईल, कारण तिच्यासाठी त्याच कलमात अपवाद आहे. भावोजींकडून तुला आलेलं सासरी गेलं तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण तुझ्या कमाईच्या पैशात तुझ्या आईचा नंबर शेवटी लागावा, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

नारायणीदेवी नावाच्या बाईंचा खटला आहे. १९५५ साली लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरीला लागल्या. १९९६ साली वारल्या तेव्हा बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत मोठी रक्कम होती, मृत्युपत्र मात्र नव्हतं. त्यांची आई हयात होती, तिने त्या रकमेवर हक्क सांगितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ साली निकाल लागला तो त्या भाच्यांच्या बाजूने. पैसा बाईंच्या स्वतःच्या कष्टाचा होता हे कोणी नाकारलं नाही. पण कायद्याचे शब्द स्पष्ट असताना नुसत्या सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. ज्या घराने हाकलून दिलं, त्याच घराच्या नात्यात त्यांची जन्मभराची कमाई गेली. एक कागद केला असता तर ती म्हाताऱ्या आईला मिळाली असती.

या कलमाला आव्हान देणारी याचिका २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हाही ते रद्द झालं नाही. न्यायालयाने सगळ्या स्त्रियांना, विशेषकरून हिंदू स्त्रियांना, ताबडतोब मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन मात्र केलं. यापरतं मी काय सांगू?

सोसायटीत आणि बँकेत आईचं नॉमिनेशन केलंयस, हे खरं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घ्यायचे, एवढंच. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सोसायटी आईला तात्पुरती सभासद करून घेईल, पण मालकीचा दावा घेऊन कोणी कोर्टात गेलं तर ऐंशी ओलांडलेल्या आईने तारखांना जायचं का? तुझे दीर भले आहेत, मीही मानते. पण उद्या गाठ त्यांच्या मुलांशी आणि सुनांशी पडेल, आणि त्यांतल्या कितीजणांना आईचं नाव तरी माहीत आहे?

आणि आईला सांभाळायला ठेवलेली ती मुलगी. आईला अंघोळ घालते, रात्री उठून तिची कूस बदलते, कवळी धुऊन वाटीत ठेवते. तिच्यासाठी काहीतरी ठेवायचं तुझ्या मनात आहे, दिवाळीत तूच बोललीस. वारसांच्या कुठल्याही यादीत ती नाही. तुझ्या सहीवाचून तिला एक रुपया मिळायचा नाही.

करणं अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. तरी तू दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाक, पुढे कोणी शंका काढली तर बरं पडतं. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांच्या देखत तुझी सही व्हायला हवी. आपल्यापेक्षा वयाने लहान माणसं बघ; ज्यांना काही मिळणार आहे ती नकोत. डॉक्टरांचा, मन आणि बुद्धी शाबूत असल्याचा दाखला त्याच दिवशीचा घे. आईला फ्लॅटमध्ये हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि ठेवींचं व्याज तिच्या औषधपाण्याला, असं लिही. तिच्यानंतर फ्लॅट कोणाला, हेही तिथेच लिही, म्हणजे तिच्यावर पुन्हा कागद करायची वेळ येणार नाही. बक्षीसपत्र मात्र कोणी कितीही गोड बोललं तरी करू नकोस. त्याने मालकी आजच हातची जाते. मृत्युपत्र तू जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं, आणि शेवटचं तेच खरं धरतात.

वकिलांकडे आत तू एकटीच जा. मी रिक्षाने सोबत येईन, बाहेर बसेन. लाभ होणाऱ्या माणसाने पुढेपुढे केलं की कोर्टात तेच संशयाला कारण होतं. तसं माझ्या नावे काही लिहूच नकोस, माझं घर आहे, पेन्शन आहे. आधी आई, मग ती मुलगी, पुढचं तुझ्या मनाप्रमाणे.

शेअर सर्टिफिकेट, ठेवींच्या पावत्या आणि सातबारा काढून ठेव. शनिवारी सकाळी येते. या वेळी नाही म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी