मामांच्या अर्धवट गोळ्या

मुलांनो, भंडारदऱ्याला आला असाल तर तुम्ही धरण पाहिलं असेल, रंधा धबधबा पाहिला असेल, पावसाळ्याच्या तोंडावर काजवेही पाहिले असतील. पण आवणी पाहिलीत का? आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलंसुद्धा चिखलात असतात. (हजेरी घेताना मी फार रागवत नाही, हे आपल्यातच राहू द्या!)

ही २०१२ सालच्या आवणीची गोष्ट. मी नुकतीच डी.एड. झाले होते. माझ्या मामांना क्षयरोग, म्हणजे टीबी झाला होता. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळत. आठवड्यातून तीन वेळा आशाताईंच्या समोर त्या घ्यायच्या, असं सहा महिने. दोनच महिन्यांत मामांचा खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस चढलं. मामा म्हणाले, "पोरी, आता मी ठणठणीत झालो. आवणी सोडून गोळ्या घ्यायला कुठं जाऊ?" आणि मी, त्यांची शिकलेली भाची, काय म्हणाले ठाऊक आहे? "बरं वाटतंय ना मामा, मग राहू द्या."

दिवाळीला खोकला परत आला. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, पण गुण येईना. थुंकी तपासली तेव्हा कळलं, की मामांच्या फुप्फुसातले जंतू आता मुख्य औषधांना दाद देत नाहीत.

असं कसं झालं? भाताची निंदणी अर्धवट सोडली तर काय होतं ते आठवा. मऊ गवत निघून जातं, चिवट तेवढं राहतं, आणि मोकळ्या खाचरात तेच माजतं. जंतूंचंही तसंच, बरं का! कोट्यवधी जंतूंमध्ये दोन-चार मुळातच चिवट असतात. गोळ्या मध्येच थांबवल्या, की त्यांना रान मोकळं.

डॉक्टरांनाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हतं. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी शॅट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं. टीबीवर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. (पुढे ते आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यातही बनू लागलं.) पण १९४८ साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगाची हकीकत छापून आली. रोगी आधी सुधारले, मग अनेकांचे जंतू औषधाला जुमानेनासे झाले! तेव्हापासून दोन-तीन औषधं एकदम देऊ लागले. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा म्हणून.

पण आपल्या गरीब देशात इतक्या रोग्यांना खाटा कुठून आणायच्या? १९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक केंद्र सुरू झालं. आपली वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते चालवलं. १९३ रोगी निवडले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं; तिथं चांगलं जेवण, भरपूर विश्रांती. बाकीच्यांनी आपल्या दाटीवाटीच्या घरात राहून औषध घ्यायचं. वर्षभरानं पाहिलं, तर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच गुण! १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर घरच्या घरी उपचार करण्याला बळ मिळालं. पण त्या केंद्रातली माणसं न सांगता घरी जायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध घेतलं की नाही ते पाहायची. मामांसारखी माणसं तिथंही असणारच की! आशाताईंच्या समोर गोळी घ्यायची, ही रीत त्याच वाटेनं आमच्या वाडीपर्यंत आली होती. आणि मी म्हणाले होते, राहू द्या.

मामांचा दुसरा उपचार दोन वर्षं चालला. मूठभर गोळ्या, पहिले कित्येक महिने इंजेक्शनं. ओकाऱ्या व्हायच्या, जेवण जायचं नाही. दोन आवण्या मामींनी एकटीनं काढल्या. मामा बरे झाले, पण त्या इंजेक्शनांनी त्यांचे कान गेले. आता त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं.

२०२४ च्या सप्टेंबरात पेपरात एक बातमी आली. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी चार गोळ्यांचा नवा उपचार आपल्या सरकारनं मान्य केला होता. त्याची परीक्षा दक्षिण आफ्रिका, बेलारूस आणि उझबेकिस्तान इथल्या रोग्यांवर झाली होती. पूर्वी वीस-वीस महिने लागायचे, ते काम सहा महिन्यांत. आणि इंजेक्शन नाही!

पेपर घेऊन मी मामांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळी बातमी मोठ्यानं वाचली. समोरच्या घरातली पोरंही ऐकायला आली.

मामांनी विचारलं, "किती महिने?"

मी सहा बोटं दाखवली.

मामांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "म्हंजे दिवाळीला चालू केलं, तर आवणीच्या आधी माणूस मोकळा!"