आत्या, तू कधी रडलीस?

प्रिय आत्या,



बाकीचे फोनवर 'बरी आहेस ना' असं विचारतात. तू विचारतेस, "आनंदात आहेस ना?" आणि मी हो म्हणते. तुला नाही म्हणायची आपल्या घरात कुणाची टाप होती? बाबासुद्धा डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या "आनंदात आहे, अक्का" म्हणायचे आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे. तुला ते दिसलं नाही. मी सुट्टीत आले होते, मला दिसलं.

हे पत्र धाकटी वहिनी तुला वाचून दाखवेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तू डोळे ताणू नकोस. आणि वहिनी, मधलं काही गाळू नकोस गं.

बाबांची माती झाली तेव्हा इथे अमेरिकेत, श्रूजबरीत बर्फ पडत होता. नगरला सकाळचे अकरा, आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली. खिडकीबाहेर रस्ता साफ करणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा फिरत होता, आणि हातातल्या मोबाइलमध्ये नगरचं कबरस्तान, कडक ऊन, पाळकसाहेबांचा पांढरा झगा. मी का आले नाही ते तुला ठाऊक आहे. तुझ्या जावयाची नोकरी नुकतीच गेली होती. त्याच्या व्हिसावर नोकरी सुटली की ६० दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तेव्हा देश सोडला तर परत आत येता येईल, असं छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटेना. म्हणून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून माझ्या बापाची माती पाहिली. शेवटचं गीत संपलं, कुणीतरी फोन तुझ्या हातात दिला, आणि तू म्हणालीस, "रडू नको. तो प्रभूकडे गेला. आनंद कर."

तुझे डोळे कोरडे होते, आत्या. पाठचा भाऊ गेला होता तुझा.

राग आला मला. अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तर लिहायला बसले. तुझ्याशी फोनवर भांडता येत नाही, तू लगेच प्रार्थना सुरू करतेस.

७२ च्या दुष्काळाची गोष्ट बाबा दर नाताळात सांगायचे. वडाळ्याची विहीर आटलेली, आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि आजी तुम्हा दोघांना घेऊन रस्त्याच्या कामावर. तू बारा वर्षांची, बाबा त्याहून लहान. दिवसभर खडी फोडायची. खायला कामावर वाटलेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. तिच्या पिठाला चिकटा नाही, भाकरी थापता थापता फुटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे. आणि तू खडीच्या ढिगावर बसून रेव्हरंड टिळकांचं गीत म्हणायचीस, नि गावातल्या सगळ्या आळ्यांच्या बाया तुझ्यामागून म्हणायच्या. मुकादमसुद्धा थांबून ऐकायचा. करंजीचं ताट पुढे असायचं, बाबा सांगत असायचे, आणि तू हसून म्हणायचीस, "प्रभूने दिवस काढले."

शेवटच्या भेटीत बाबांनी मला याच गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. रात्री तू त्यांचे फोड आलेले हात मांडीवर घेऊन फुंकर घालायचीस आणि रडायचीस. आजीला ऐकू जाऊ नये म्हणून परकराचा बोळा तोंडात धरून.

हे आम्हाला का नाही सांगितलंस? गाणं सगळ्या भावकीला माहीत, आणि परकराचा बोळा फक्त बाबांना?

मला वाटतं, आपल्या नगरच्या ख्रिस्ती मंडळींची ही जुनीच खोड आहे. शब्बाथ शाळेत आपल्याला मिशनच्या गोष्टी कशा सांगायचे, आठव. साहेब लोक आनंदाने घरदार सोडून आले, आनंदाने मरण पावले, आमेन. मी आता त्यांच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. श्रूजबरीच्या मध्यावर एक पांढरं लाकडी चर्च आहे, ज्या काँग्रिगेशनल लोकांनी आपल्याकडे माणसं धाडली त्याच पंथाचं. इथून गाडीने तासाभरावर सेलम. तिथल्या चर्चमध्ये फेब्रुवारी १८१२ मध्ये पहिल्या मिशनऱ्यांना दीक्षा दिली. त्यांतल्या सॅम्युएल न्यूएलची बायको हॅरिएट ही इथल्याच हेव्हरहिल गावची. वय अठरा. समुद्रावरच बाळंत झाली, मूल जगलं नाही, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये ती स्वतः गेली, एकोणिसाव्या वर्षी. मुंबई तिने पाहिलीच नाही. न्यूएल एकटा मुंबईला पोचला आणि १८२१ साली तिथेच पटकीने वारला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल, तोही याच राज्यातला, १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनेच गेला. जवळ बायको नाही, मूल नाही, गावोगावच्या आजाऱ्यांना औषध देत हिंडत होता.

या माणसांमुळे आपण ख्रिस्ती झालो, आत्या, त्यांचा उपकार मी मानते. पण बाळाला समुद्रात सोडताना हॅरिएटने काय केलं असेल? तिथे कुणी तिला 'रडू नको, आनंद कर' म्हणालं असतं, तर मी त्याला पुण्यवान म्हटलं नसतं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई पवित्र शास्त्राच्या भाषांतराला चिकटून राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मुलगी गेली तरी हात थांबला नाही, हे आपण दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. त्या आठ-नऊ महिन्यांतल्या एखाद्या रात्रीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

एक बाई बोलली. लक्ष्मीबाई टिळक. तू दिलेली 'स्मृतिचित्रे'ची प्रत मी इथे आणली आहे, तिच्या पहिल्या पानावर तुझी सही आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पुढची काही वर्षं वेगळं राहणं, नातेवाइकांचे बोल, मनाची ती घालमेल, आणि मग हळूहळू स्वतःच्या वाटेने जाऊन १९०० मध्ये तिचा स्वतःचा बाप्तिस्मा. यातलं काय लपवलं तिने? नवऱ्याचा तापटपणा लिहिला, हातात पैसा टिकू न देण्याची त्याची सवय लिहिली, स्वतःचं रडणं-चिडणं लिहिलं. आणि पानापानावर हसवलंसुद्धा. मला तिचं हसणं खरं वाटतं, कारण तिने मला तिचं रडणं दाखवलं आहे. तुझ्याकडे पाहताना मला नेमकं हेच अडतं.

आता तू म्हणशील, शास्त्रात आनंद करा म्हणून लिहिलं आहे ना? लिहिलं आहे. फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र मी या हिवाळ्यात पुन्हा पुन्हा वाचलं. पौलाने ते बंदिवासातून लिहिलं, एवढं तू आम्हाला नेहमी सांगायचीस. पण त्याच पत्रात एपफ्रदीताच्या आजारपणाची हकीकत आहे, आणि तो दगावला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आलं असतं, असं पौल स्वतः कबूल करतो. पुढच्या अध्यायात तर काही लोकांविषयी लिहिताना आपण रडत आहोत, हेही सांगतो. आनंद करा म्हणणारा माणूस त्याच कागदावर रडतो आहे! आणि प्रभूचं काय? लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असून तो बेथानीत रडलाच ना?

शनिवारी मी इथल्या एका चर्चच्या फूड पँट्रीत कामाला जाते. तांदूळ, घेवड्याचे डबे, शेंगदाण्याचं लोणी पिशव्यांत भरायचं, रांगेतल्या माणसांना द्यायचं. शेजारच्या वुस्टर शहरात घानाहून आलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांतली एक बाई माझ्या जोडीला असते. रात्रभर वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करून सकाळी तशीच येते, पायात तेच पांढरे बूट. मार्चमध्ये तिकडे तिची आई वारली. तीही जाऊ शकली नाही. तांदळाच्या गोणीवर बसून ती अशी मोठ्याने रडली की रांगेतले लोक आत डोकावले. कुणी तिला गप्प केलं नाही. एका म्हाताऱ्याने आपली टोपी काढून हातात धरली, एवढंच. पुष्कळ वेळाने ती उठली, नळाखाली तोंड धुतलं, एप्रनची गाठ पुन्हा मारली आणि मला म्हणाली, चल, डबे राहिलेत. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या उपासनेत नाचली, ते मी व्हिडिओत पाहिलं.

त्या शनिवारी घरी येऊन मी बाबांसाठी रडले. तोवर रडले नव्हते, आत्या. तू नको म्हणाली होतीस ना.

पण एवढं सगळं लिहून मी तुझं ऋण नाकारते आहे असं समजू नकोस. नोकरी नसलेल्या त्या दिवसांत मी घर चालवलं ते तुझ्याच पद्धतीने. बूथ हॉस्पिटलात रात्रपाळी करून आल्यावर तू आधी दारापुढे झाडून घ्यायचीस, मग चहा टाकायचीस आणि कुणाला तरी हाक मारायचीस, "या, घोटभर घ्या." घरात साखर असो नसो. मीही तेच केलं. नाताळ तोंडावर, घरात चार पैसे मोजून खर्च करायची पाळी, तुझा जावई दिवसभर संगणकापुढे अर्ज करत बसलेला, कुणाशी बोलत नव्हता. मी आसपासच्या मराठी ख्रिस्ती घरांना बोलावलं. चार-पाचच घरं आहेत, कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, एक सोलापूरचं. करंज्या अर्ध्याच झाल्या, सारणात सुकं खोबरं कमी म्हणून रवा जास्त. 'उपासना संगीत' उघडलं, कुणालाच सूर धड सापडेना, आणि चौथ्या कडव्याला तुझा जावई आतल्या खोलीतून बाहेर येऊन दाराशी उभा राहिला. मग गायला लागला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मी ऐकत होते.

मुदत संपायच्या आत त्याला नोकरी मिळाली, पगार पहिल्याहून कमी. ती मिळाली नसती तरी त्या संध्याकाळचं मोल माझ्या लेखी तेवढंच राहिलं असतं. आनंद मनात येण्याची वाट पाहायची नाही, आधी कामाला लागायचं, दार उघडायचं, माणसं बोलवायची, हे मी तुझ्याकडून शिकले. यापुढेही तसंच करणार आहे.

फक्त माझी लेक परवा मला विचारत होती, "आजोबा गेले तेव्हा तू आनंदी होतीस का?" कुणाकडून तरी तिने ऐकलं असणार. मी म्हटलं, नाही, मला फार वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आत्याआजीला पण वाटलं असेल." आता तिला मी काय सांगू? तूच सांग. ती रविवारी तुला फोन करणार आहे. तिच्याशी मराठीतच बोल, तिला कळतं.

कागदपत्रं मार्गी लागली तर जूनमध्ये शाळेची सुट्टी लागताच आम्ही येतो. आपण दोघी मिळून बाबांच्या कबरीवर जाऊ. दगडावर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, असं दादा म्हणत होता. माझ्यासाठी थांबा म्हणावं. तिथे गेल्यावर तू मला वडाळ्याचं सगळं सांगायचं, गाण्याचं आणि गाण्यानंतरचंही. आणि त्याआधी कधी रात्री झोप लागली नाही तर सरळ मला फोन लाव. तुझी रात्र म्हणजे माझा दिवस असतो, मी जागीच असते. प्रार्थना शेवटी करू.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल. दादाला, वहिनीला, पाळकसाहेबांना सलाम सांग.

तुझी,
थोरली भाची
श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स