जामठा की उप्पल?

राहायला चांगलं शहर कोणतं, असं विचारलं की लोक पाणी, शाळा, दवाखाने आणि घरभाडं यांवर बोलायला लागतात. खेळ पाहायचं वेड असलेल्या माणसाने कुठे राहावं, हे कुणी गंभीरपणे विचारत नाही. माझ्या मेहुण्याने मात्र विचारलं. २०२५च्या दिवाळीत, घरातली माणसं झोपल्यावर, आवाज खाली करून.

माझी सासुरवाडी आदिलाबाद. तेलंगणच्या अगदी वरच्या टोकाचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ, बाजूला किनवट. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा याच जिल्ह्यातला किनवट तालुका तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आदिलाबाद आंध्रात राहिलं. २०१४ला तेलंगण झालं, २०१६ला जिल्ह्याचे चार तुकडे झाले, पण मराठी काही हटली नाही. माझ्या सासरी कापसाच्या भावाची चर्चा तेलुगूत होते, भांडण उर्दूत आणि जेवणाचा आग्रह मराठीत. पोटापुरतं तिन्ही येतं सगळ्यांना.

तर मेहुण्याला बढतीचं पत्र आलं होतं. नागपूर किंवा हैदराबाद, पसंती लिहून द्यायची. नाहीतर बढती नाकारून आहे तिथेच राहायचं. मुदत आठ दिवसांची. घरात चर्चा झाली ती मुलीच्या नववीची, सासूबाईंच्या गुडघ्यांची, भाड्याची. आणि हा मला म्हणतो, "भाऊजी, हसू नका. पण मॅच कुठं जास्त पाहायला भेटतील?"

मी हसलो नाही. मी स्वतः कारकून माणूस. मडगावला बदली मागून घेतली, त्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमचा वाटा किती होता हे खात्याला आजवर सांगितलेलं नाही. पावणेसहाला कचेरी सुटली की साडेसातच्या सामन्याला घरी जाऊन चहा पिऊन पोहोचता येतं. या सुखाची किंमत पगाराच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता भूगोल बघा. आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ने (जुना सात नंबर) उत्तरेला निघालं की पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी आणि मग नागपूर लागायच्या आधीच जामठा, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्याच रस्त्याने दक्षिणेला निघालं तर हैदराबाद तीनशे किलोमीटर, आणि उप्पलचं स्टेडियम त्या अवाढव्य शहराच्या पूर्वेला, म्हणजे पोहोचल्यावर पुन्हा एक प्रवास. आदिलाबादचा पोरगा चांगला खेळला तर संघ हैदराबादचा, पण सामना बघायचा तर जवळ जामठा. नकाशाने असं दोघांत वाटून घेतलेलं हे गाव.

२०१०मध्ये तर गंमतच झाली. तेलंगण आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सना आयपीएलचे घरचे सामने हैदराबादेत खेळता येईनात. काही कटकला गेले, काही नवी मुंबईला आणि काही नागपूरला. म्हणजे हैदराबादचा संघ घर सोडून आदिलाबादकरांच्या जास्त जवळ आला! मेहुणा तेव्हा पंचविशीचा. गेला, आणि पहाटे एका ट्रकमधून परत आला.

त्याच्या नशिबाबद्दलही सांगायला हवं. ५ नोव्हेंबर २००९ला तो उप्पलला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग, सचिनच्या १७५, आणि भारत तीन धावांनी हरला. १२ मार्च २०११ला तो जामठ्याला होता. विश्वचषक, दक्षिण आफ्रिका, सचिनचं नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक. एक बाद २६७वरून सगळे २९६वर बाद, आणि भारत पुन्हा हरला. त्यामुळे या एका बाबतीत दोन्ही शहरांना त्याने सारखेच गुण दिले.

पण मी त्याला म्हटलं, अशा सामन्यांवर शहर ठरवायचं नसतं. जामठ्याला नोव्हेंबर २०१७मध्ये कसोटी झाली, त्यानंतरची थेट फेब्रुवारी २०२३मध्ये, आणि ती तिसऱ्याच दिवशी आटोपली. उप्पलला ऑक्टोबर २०१८नंतर जानेवारी २०२४. पाच वर्षांत एक कसोटी! त्यासाठी कुणी बिऱ्हाड हलवत नाही, दोन दिवसांची रजा टाकून जातो. श्रीखंड सणाला मिळतं. रोजच्या भाकरीचं काय, ते विचारायचं. कामाच्या दिवशी, ओळखीचं कुणी नसताना, तिकिटाला मोठे पैसे न मोजता जाऊन बसता येईल असा खेळ तुमच्या गावात आहे का? मेलबर्नचं नाव जगभर घेतात ते त्या एक लाखाच्या मैदानासाठी तर खरंच, पण ते मैदान आणि टेनिसची कोर्टं शहराच्या मधल्या स्टेशनावरून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेलबर्नवरून आठवलं. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला, तो तिथेच. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. हैदराबाद पोलिसांच्या संघाने त्यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला होता. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, आमच्या आसगावात जन्मलेला तो. हैदराबाद राज्य मोडून त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. हे सांगितलं की मेहुणा खूश होतो. म्हणतो, म्हणजे आपलं नातं लग्नाच्या आधीपासूनचं.

तेव्हा हैदराबादच्या पारड्यात इतिहास आहे. गोपीचंदची बॅडमिंटन अकादमी आहे, सायना आणि सिंधू तिथे घडल्या. आयपीएलचा संघ आहे. कबड्डीसुद्धा आहे, १ मार्च २०२४ला प्रो कबड्डीचा अंतिम सामना गचीबोवलीत झाला आणि पुणेरी पलटणने हरियाणाला हरवून चषक उचलला. आदिलाबादच्या मराठी माणसाला याहून गोड काय हवं? आणि मेट्रो! नागपूरची मेट्रो वर्धा रोडने खापरीपर्यंत नेते, पुढे जामठ्याला तुमचं तुम्ही. उप्पलच्या बाजूला मात्र मेट्रोच्या एका स्टेशनाचं नावच 'स्टेडियम'. कारकुनी नजरेला ही गोष्ट फार मोठी दिसते.

मग मी नागपूर का म्हटलं? कारण मोठ्या शहरातले संघ निघून जातात. डेक्कन चार्जर्स २००९ला आयपीएल जिंकले (तेही जोहान्सबर्गला), आणि २०१२मध्ये संघच बरखास्त झाला. २०१३पासून नवं नाव, नवा रंग, सनरायझर्स. हैदराबाद एफसी २०२२ला आयएसएल जिंकली, तीही आमच्या फातोर्ड्यात. २० मार्चची ती रात्र. स्टेडियमात आवाज केरळवाल्यांचा. ८८व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली साहिल तावोराने, गोव्याचा पोरगा. पेनल्टी अडवल्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने, तोही गोव्याचाच. मी फोन करून म्हटलं, "अरे, तुमचा संघ आमच्या पोरांनी जिंकून दिला!" तो म्हणाला, "भाऊजी, हैदराबादचा संघ माझा कधी झाला?" आणि २०२५मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. ज्यांनी शर्ट विकत घेतले होते त्यांनी ते आता कुठल्या दिवशी घालायचे?

आम्हाला हे दुखणं माहीत आहे. २००६-०७पासून २०१२-१३पर्यंत सलग सात मोसम देशाची लीग गोव्याबाहेर गेली नव्हती. धेंपो, चर्चिल, साळगांवकर, आळीपाळीने. २०१६ला धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो पुढे २०२४-२५ला परतला, पण मधल्या वर्षांत माझ्यासारख्यांना तगवलं ते गावागावांतल्या चवथीनंतरच्या स्पर्धांनी. क्लबांचे मालक हिशेब बघतात, त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपण मात्र हिशेबात न बसणारा संघ निवडावा.

विदर्भाचा रणजी संघ तसा आहे. तो विकला जाणार नाही, दिल्लीला जाणार नाही. कित्येक दशकं त्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं. २०१७-१८च्या मोसमात फैझ फझलच्या नेतृत्वाखाली, चंद्रकांत पंडितांच्या प्रशिक्षणात, पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली आणि इंदूरला दिल्लीला हरवलं. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. पुढच्या मोसमात पुन्हा. आणि २०२४-२५चा अंतिम सामना तर खुद्द जामठ्याला, केरळशी. मेहुणा रजा टाकून गेला, तीन दिवस राहिला. दानिश मालेवारच्या १५३ त्याने पाहिल्या. विदर्भ ३७९, केरळ ३४२. त्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक. मला सांगत होता, खुर्च्या बऱ्याच रिकाम्या, ऊन मरणाचं, आणि मागे बसलेले दोन म्हातारे क्षेत्ररक्षकाला वऱ्हाडीत शिव्या देत होते. "भाऊजी, उप्पलला मी मॅच पाहतो. तिथं मी बसलो होतो." यापुढे मला युक्तिवाद करायची गरजच वाटली नाही.

शिवाय नागपुरात शहराच्या आत सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान आहेच. सासूबाईंना आदिलाबाद सोडायचं नाही, त्यांच्याकडे यायलाही नागपूर शंभर किलोमीटर जवळ. सगळं कसं जुळत होतं.

फक्त एक माणूस आम्ही धरला नव्हता असं नाही, पण खेळाच्या बाजूने धरला नव्हता. मेहुण्याची बायको निर्मलची, माहेर तेलुगू. आदिलाबादला तिचं काही अडत नाही. निम्मा बाजार तिच्या भाषेत, निम्मा नवऱ्याच्या. मला ती 'अन्नय्या' म्हणते. दुसऱ्या दिवशी चकल्या तळताना ती म्हणाली, "अन्नय्या, जुलैत काय झालं ते सांगितलं का यांनी?"

जुलैत काय झालं, तर बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. जॉर्जियातल्या बटुमीला, एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला आंध्रची कोनेरू हंपी. घरात एकाच सोफ्यावर दोन पक्ष. मेहुणा दिव्याचा, बायको हंपीची. २८ जुलैला टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली, ग्रँडमास्टरही झाली. हा घरभर नाचला. आणि ती म्हणाली, "मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन बसले. इथं निदान शेजारी माझ्या बाजूचे होते. नागपुरात सगळी गल्लीच यांच्यासारखी नाचली असती."

ती हसत होती, पण चकली जरा जास्त तळली गेली.

मेहुण्यापर्यंत हे कसं पोहोचलं मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. त्याने पहिली पसंती हैदराबाद लिहिली, दुसरी नागपूर, आणि पहिलीच मिळाली. माझं मत अजूनही नागपूरच आहे. आपल्या पाठीराख्यांत बसून हरण्यासाठी त्याच्यासारख्या माणसाला याहून बरं शहर मला दिसत नाही. पण ज्या घरात खेळवेडी माणसं दोन, तिथे एकाच्या बाकावरून हिशेब मांडता येत नाही, हे त्याच्या बायकोने मला न सांगता सांगितलं.

जानेवारीपासून ते हैदराबादला आहेत. घर मुद्दाम मेट्रोच्या त्या 'स्टेडियम' स्टेशनाच्या अलीकडे शोधलं. महिन्यातून दोनदा तो कृष्णा एक्स्प्रेसने आदिलाबादला सासूबाईंकडे जाऊन येतो. सुटीच्या दिवशी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर क्लबांचे सामने चालू असले तर झाडाखाली जाऊन बसतो. खेळाडूंची नावं ठाऊक नाहीत, पण एका डावखुऱ्या फिरकीवाल्या पोराबद्दल त्याचं मत फार चांगलं झालंय.

परवा फोनवर तो तक्रार करत होता. विदर्भाचा संघ कधीतरी उप्पलला खेळायला येईलच, तेव्हा लेकीला घेऊन जाईन असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "येते ना, पप्पा. पण मी हैदराबादच्या बाजूला बसणार."