काही नाही, घरीच असते

आमची जिजी उभ्या जन्मात वाटूर सोडून फारशी कुठं गेली नाही. फार तर परतूरचा बाजार, नाही तर जालन्याला डोळ्यांचा डॉक्टर. तरी तिनं जेवढी राज्यं पाहिली, तेवढी आमच्या प्रवासवेड्या मेव्हण्यानंही पाहिली नसतील. जन्मली निजामाच्या राज्यात. १९४८ साली हैदराबाद भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ रोजी तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून उचलून नव्या जालना जिल्ह्यात ठेवला. जिजीची चूल मात्र जागची हलली नाही. नव्या जिल्ह्याची बातमी मी धावत जाऊन सांगितली, तर म्हणाली, "व्हय का? मग जेवायला किती जण वाढले?"

त्याआधी फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी आले होते. "म्हातारबाई काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," वडील म्हणाले.

हे 'काही नाही' चाललं होतं तेव्हा जिजी हातानं भाकरी उलटत होती, पायानं पाळणा हलवत होती, तोंडानं गड्याला कडब्याचा हिशेब सांगत होती आणि डोळ्यांनी मांजराला दुधापासून लांब ठेवत होती.

१९७२च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापतानाच तुटायची. "परदेशी हाय बिचारी, वळण लागायला येळ लागंल," असं म्हणून जिजी तुकडे जुळवायची. रात्री टोपल्यात अर्धी भाकरी उरली, की ती माझ्या ताटात पडायची. "मी मघाशीच जेवले," जिजी म्हणायची. मीही बिनदिक्कत खायचो. पुढं मोठेपणी विषय निघाला, तेव्हा कळलं की तिला 'मघाशी' जेवताना घरातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं.

नव्वदी ओलांडून जिजी गेली. दुसऱ्या दिवशी चार माणसं मिळून साखरेचा डबा शोधत होतो. मी लहानपणी चोरून खायचो म्हणून तिनं तो मिठाच्या रांजणामागं ठेवला होता. माझे केस पिकले तरी डबा तिथंच.

मृत्यूची नोंद करायला वडिलांबरोबर ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं विचारलं, "मयताचा व्यवसाय?"

"काही..." वडील एवढंच म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी ग्रामसेवकानंच पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "बसा काका. चहा सांगतो."