घडी घातलेला कागद

रुग्णशय्येवरील माणसाशी कसे बोलावे, हे आम्हांला सेमिनरीत शिकवले होते. त्या शय्येवर आपण स्वतः पडल्यावर कसे वागावे, ते मात्र शिकायचे राहून गेले.

गेल्या पावसाळ्यात माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी मला घरी सोडले. निघताना परिचारिकेने सूचनांचा एक इंग्रजी कागद हाती दिला. धर्मग्रामातील कितीतरी घरांत असे कागद मी लोकांना वाचून, समजावून दिले आहेत. माझा कागद मात्र मी घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला, तो ठेवलाच.

पहिले दिवस ठीक गेले. दुखत होते, पण आदल्या दिवसापेक्षा कमी. पाचव्या रात्री जखमेपाशी ठणका सुरू झाला. सहाव्या दिवशी अंगात कणकण होती. टाक्यांभोवतीची कातडी लालसर झाली होती आणि हाताला गरम लागत होती. मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली. घाम येऊन ताप उतरला आणि माझे समाधान झाले. सायंकाळी पुन्हा तेच. शस्त्रक्रिया म्हटली की एवढे चालायचेच, भर पावसात डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, असे मी मनाला समजावत होतो. दुःख मुकाट्याने सोसून प्रभुचरणी अर्पण करावे, असे मी वर्षानुवर्षे प्रवचनांतून सांगत आलो आहे. तेही आयतेच निमित्त मिळाले. खरे कारण अगदी साधे होते. पुन्हा रुग्णालयात जाण्याची मला भीती वाटत होती.

पेजेची वाटी तशीच परत आलेली पाहून स्वयंपाकाच्या मावशी दाराशी आल्या.

“फादर, ताप मोजलात का?”

आमच्या घरात थर्मामीटरच नव्हता. त्यांनी शेजारून आणवला. १०१.४ निघाला.

“माझ्या पोराला एवढा ताप असता आणि मी घरी बसले असते, तर तुम्ही मला किती बोलला असता!” एवढे म्हणून त्यांनी माझ्या परवानगीची वाट न पाहता रिक्षा बोलावली.

सर्जननी दोन टाके उसवले. आत पू साचला होता. त्याचा नमुना तपासणीस गेला आणि मी चार दिवस सलाइनला जखडलो. हर्नियासाठी आत जाळी बसवलेली असते. संसर्ग तिथवर पोचला, तर कधीकधी ती काढावी लागते. माझा संसर्ग वरच्या थरातच होता.

त्या चार दिवसांत सर्जननी मला बरेच समजावले. पहिल्या एकदोन दिवसांत अंग थोडे तापले, तर नवल नाही. पण नंतर १००.४ किंवा त्याहून अधिक ताप आला, कमी होत चाललेले दुखणे उलट वाढू लागले, लाली पसरली, जखमेतून पू किंवा दुर्गंध येऊ लागला, तर त्याच दिवशी कळवावे. गोळीने तापाचा आकडा उतरतो, संसर्ग नाही. वृद्धांना संसर्ग होऊनही ताप येईलच असे नाही. उलट्या थांबत नसतील, लघवी होत नसेल, तरी थांबू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर छातीत दुखते, धाप लागते. अशा वेळी फोनवर सल्ले विचारत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि जखमेचा धोका घरी आल्यावर संपत नाही. संसर्ग महिन्याभरातही डोके वर काढू शकतो. भात खाल्ल्याने पू होतो का, हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न मीही विचारला. ते हसले. “भात खा, मासे खा, अंडी खा. जखम भरायला शरीराला अन्न लागते.”

पडल्या पडल्या मला पोप जॉन पॉल दुसरे आठवले. १३ मे १९८१ रोजी गोळ्या लागून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, ३ जूनला ते व्हॅटिकनला परतले. पण ताप हटेना, म्हणून २० जूनला पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. तो विषाणूचा संसर्ग निघाला. मारेकऱ्याला क्षमा करणारा तो महात्मा तापाबाबत मात्र मुकाट बसला नव्हता.

आणि आणखी एक जण आठवले; किंबहुना, त्यांना विसरणे मला जमलेले नाही. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात, पोटाची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या एका वयस्क शेतकऱ्याकडे मी कम्युनियन घेऊन गेलो होतो. त्यांच्या अंगात ताप होता. मी कपाळावर हात ठेवला, तो मला लागला. “सोसा, देव बळ देईल,” असे म्हणून मी पुढच्या घरी गेलो. ताप कधीपासून आहे, हे विचारले नाही. फादर येऊन गेले, आता बरे वाटेल, अशा विश्वासाने घरचे थांबले. दोन दिवसांनी त्यांना रुग्णालयात नेले. ते परतले नाहीत. लवकर नेले असते तर वाचले असते का, कोण सांगणार? त्या कुटुंबाने मला कधी दोष दिला नाही. उलट, अखेरच्या दिवसांत मी भेटून गेलो, म्हणून ते आजवर माझे आभार मानतात.

माझी जखम भरून आल्यावर मी त्यांच्या मुलाकडे गेलो आणि हे सारे सांगितले. तो बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, तुमची जखम आता कोरडी आहे ना?”