लाल पेन

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाली आणि आठ वर्षांच्या लेकीला लिहायला शिकवणं माझ्याकडे आलं. ‘माझी आजी’ या तिच्या पहिल्याच निबंधात मी लाल पेनाने १४ चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी तिने वहीच उघडली नाही.

रात्री मी निबंध पुन्हा वाचला. चुकांच्या गर्दीत एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं : ‘आजि आता फोनमध्येच राहते.’

मग क्रम बदलला. आज मनातलं लिहायचं, मी फक्त ऐकायचं. उद्या त्याच मजकुरातून एकच नियम शिकायचा. शब्दाच्या शेवटचा इकार सहसा दीर्घ, हे कळल्यावर ‘आजि’ची ‘आजी’ तिनेच केली. पेन्सिलीने.

नियम हवेतच, पण आधी लेकरू काय सांगतंय, ते ऐकायला हवं.